५० केबीचा फोटो आणि बसलेला सर्व्हर

सोलापुरी चादरीच्या मागावर जॅकार्ड असतो आणि त्यातून भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची साखळी फिरत असते. एक पट्टी म्हणजे एक आडवा धागा. पट्टीत भोक असेल तिथला उभा धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो, आणि पट्टीमागून पट्टी सरकताना मोर, कमळ, वेलबुट्टी उमटत जाते. या साखळीची दोन टोकं एकमेकांना जोडलेली असतात, त्यामुळे माग थांबवेपर्यंत तीच नक्षी पुन्हा पुन्हा निघते. साखळीच्या वजनावरून कापडाची लांबी सांगता येत नाही.

फोटोच्या फाइलचंही तसंच असतं. पीएनजी, जेपीईजी, जीआयएफ या फाइलींत चित्र कसं विणायचं याच्या सूचना भरलेल्या असतात. त्या वाचून प्रत्यक्ष ठिपके, म्हणजे पिक्सेल, मेमरीत मांडायचं काम लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅमना वापरता येणारा तयार कोड, करते. लिबपीएनजी, लिबजेपीईजी-टर्बो, लिबटिफ, लिबजीडी, इमेजमॅजिक, पिलो, लिबव्हिप्स ही त्यांतली नेहमीची नावं. वेबसाइट पीएचपीत असो, पायथनमध्ये असो की नोडमध्ये, अपलोड झालेला फोटो लहान करायची वेळ आली की काम बहुतेक वेळा यांच्यापैकीच कुणाकडे तरी जातं.

डिनायल ऑफ सर्व्हिस म्हणजे सेवा बंद पाडणं. यात पासवर्ड चोरीला जात नाहीत. सर्व्हर निरर्थक कामात इतका अडकतो, किंवा असा कोसळतो, की खऱ्या ग्राहकाला उत्तर मिळत नाही. हा शब्द ऐकला की हजारो संगणकांवरून एकदम येणारा लोंढा डोळ्यांसमोर येतो. चित्रांच्या बाबतीत लोंढा लागत नाही, एक फाइल पुरते.

सोलापूरच्या नवी पेठेतल्या एखाद्या टॉवेल-चादरीच्या दुकानाची वेबसाइट धरू. लग्नसराईत टॉवेल-टोपीच्या आहेराच्या ऑर्डरी येतात, शाळा आणि कारखाने टॉवेलवर विणून घ्यायचा लोगो पाठवतात. अपलोडला ५ एमबीची मर्यादा घातलेली आहे. सर्व्हर भाड्याचा, ४ जीबी मेमरीचा. आता एक पीएनजी येते: २०,००० पिक्सेल रुंद, २०,००० उंच, सगळी पांढरी, एका पिक्सेलला एकच बिट. एकूण ४० कोटी पिक्सेल. तेवढे बिट म्हणजे ५ कोटी बाइट, म्हणजे ५० एमबी. पीएनजी ज्या डिफ्लेट पद्धतीनं दाबली जाते, तीत एकसारखा मजकूर जास्तीत जास्त सुमारे १,०३२ पट आकसतो. म्हणून ही फाइल भरते साधारण ५० केबी. पाच एमबीचा पहारेकरी तिला हसतमुखानं आत सोडतो.

लायब्ररी ती रंगीत चित्र म्हणून उघडते तेव्हा प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट लागतात: लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता. ४० कोटी गुणिले ४ म्हणजे १.६ जीबी. ५० केबीच्या ३२,००० पट! लहान प्रत काढताना मधल्या टप्प्यावर आणखी एखादी प्रत मेमरीत तयार झाली, तर आकडा आणखी चढतो. तीच फाइल तीन टॅबमधून एकाच वेळी पाठवली की ४.८ जीबी. सर्व्हरकडे आहेत ४.

पुढे काय होतं ते नीट माहीत असावं, कारण इथंच निदान चुकतं. लिनक्स आधी स्वॅपकडे वळतो, मेमरीतली पानं डिस्कवर टाकू लागतो, आणि सगळी साइट कूर्मगतीनं चालते. स्वॅपही भरला की कर्नेलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, ओओएम (आउट ऑफ मेमरी) किलर एखादी प्रक्रिया, म्हणजे चालू प्रोग्रॅम, मारून टाकतो. दोषी कोण हे तो शोधत नाही, जास्त मेमरी कुणाकडे आहे हेच मुख्यतः पाहतो. डेटाबेस त्याच सर्व्हरवर असेल तर बळी तोही जाऊ शकतो. चोर सोडून संन्याशाला फाशी. मालकाला कळतं एवढंच, की ‘डेटाबेस बंद पडला’, आणि दोन दिवस डेटाबेसच्या सेटिंग तपासण्यात जातात. असं झालं तर आधी कर्नेलच्या लॉगमध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ शोधावं आणि त्याच मिनिटाच्या आसपास आलेले अपलोड बघावेत.

अशा फाइलीला डीकंप्रेशन बॉम्ब म्हणतात. इथं लायब्ररीची चूक एकही नाही, हे मुद्दाम सांगायला हवं. २०,००० पिक्सेलचं पांढरं चित्र पूर्णपणे वैध आहे. उपग्रहाचे नकाशे याहून मोठे असतात. लायब्ररीनं सांगितलेलं काम केलं. त्यामुळे ‘आम्ही ताजी आवृत्ती वापरतो’ एवढ्यानं हा धोका टळत नाही. किती काम अंगावर घ्यायचं हे लायब्ररी वापरणाऱ्यानंच ठरवायचं असतं.

प्रत्येक प्रकारच्या फाइलीची खोड वेगळी असते. जेपीईजीत रुंदी आणि उंची प्रत्येकी १६ बिटांत लिहितात, म्हणून कमाल ६५,५३५ गुणिले ६५,५३५, म्हणजे सुमारे ४२९ कोटी पिक्सेल. ३ बाइटांनी धरलं तरी १२.९ जीबी. वेबपी १६,३८३ वर थांबते. पीएनजीत एका बाजूला ३१ बिट मिळतात, म्हणजे २०० कोटींच्याही वर जाता येतं. लिबपीएनजी मूळ सेटिंगमध्ये १० लाखांवर अडवते, पण दोन्ही बाजू १० लाख असलेलं चित्र कुठल्या सर्व्हरला झेपणार? जीआयएफचा धोका हालत्या चित्रांत आहे. २,००० गुणिले २,००० चा एक फ्रेम ४ बाइटांनी १६ एमबी होतो. फाइलमध्ये प्रत्येक फ्रेममधला बदललेला लहानसा तुकडाच असतो, पण काही साधनं प्रत्येक फ्रेम पूर्ण आकाराचा करून मेमरीत ठेवतात. असे ५०० फ्रेम म्हणजे ८ जीबी.

मेमरीऐवजी वेळ खाणाऱ्या फाइलीही असतात. प्रोग्रेसिव्ह जेपीईजी आधी धूसर दिसते आणि टप्प्याटप्प्यानं स्पष्ट होत जाते. त्या प्रत्येक टप्प्याला स्कॅन म्हणतात. नेहमीच्या रंगीत फोटोत ते दहाएक असतात. पण फाइल हजारो स्कॅन जाहीर करू शकते, आणि ‘इथून पुढचे ३२,७६७ ठोकळे रिकामे समज’ अशी नोंद मोजक्या बिटांत मावते. म्हणजे फाइल लहानच राहते आणि लायब्ररी मात्र प्रत्येक स्कॅनसाठी पूर्ण चित्रावरून एक फेरा मारते. हजार स्कॅन, हजार फेरे. प्रोसेसर तापतो, मेमरीचा आलेख सपाट राहतो, आणि मेमरीवर लावलेला इशारा वाजतच नाही. डीजेपेग या साधनात कमाल स्कॅन ठरवण्याचा पर्याय आहे. लायब्ररी थेट वापरत असाल तर ही मोजणी तुमच्याच कोडमध्ये करावी लागते.

आता खरोखरच्या चुका

इथवर पाहिल्या त्या वैध सूचना होत्या. दुसरा गट प्रोग्रॅमरच्या चुकांचा आहे, आणि त्यांतल्या तीन उघड झालेल्या चुका नीट समजून घेण्यासारख्या आहेत. बाकीच्या बहुतेक चुका याच घडणीच्या असतात.

पहिली लिबजीडीमधली. पीएचपीतल्या बहुतेक साइटी फोटोसाठी हीच लायब्ररी वापरत आल्या आहेत. जीआयएफ वाचताना पुढचा तुकडा मागणारं फंक्शन तो मिळाला नाही की उणे १ परत देत असे. पण तो आकडा ज्या डब्यात ठेवला जाई, त्याला उणे चिन्ह माहीतच नव्हतं. ० ते २५५ एवढंच मावणाऱ्या त्या डब्यात उणे १ चे होतात २५५. म्हणजे ‘फाइल संपली’ हा निरोप ‘अजून २५५ बाइट आलेत’ असा वाचला गेला. मागावर कांडी संपली की आडवा धागा नाही हे ओळखून माग थांबावा लागतो. ती खूणच कळली नाही तर माग रिकामा फिरत राहतो. मुद्दाम अर्धवट तोडलेली जीआयएफ दिली की लिबजीडी अशीच अखंड फिरत असे. ही चूक सीव्हीई या उघड झालेल्या सुरक्षा-चुकांच्या यादीत सीव्हीई-२०१८-५७११ या क्रमांकानं नोंदली गेली आणि जानेवारी २०१८ मध्ये पीएचपीच्या ७.२.१, ७.१.१३, ७.०.२७ आणि ५.६.३३ या आवृत्त्यांत सुधारली गेली.

दुसरी पिलो या पायथनच्या लायब्ररीमधली, २०२१ सालची. एफएलआय हा जुन्या ॲनिमेशनचा प्रकार आहे. त्यातला प्रत्येक तुकडा सांगतो, की पुढचा तुकडा इतक्या बाइटांवर आहे. फाइलनं तिथं शून्य लिहिलं तर? लायब्ररी शून्य पावलं पुढे जाते, तोच तुकडा पुन्हा वाचते, पुन्हा शून्य पावलं. टिफमध्येही असाच सापळा रचता येतो. टिफमधलं प्रत्येक पान पुढच्या पानाचा पत्ता सांगतं. शेवटच्या पानानं पहिल्या पानाचा पत्ता दिला की जॅकार्डच्या साखळीसारखी ती गोल होते. मागावर ती गोल असायलाच हवी, फाइलमध्ये तीच घातक ठरते. उपाय साधा आहे: भेट दिलेल्या पत्त्यांची यादी ठेवायची आणि तोच पत्ता पुन्हा आला की फाइल नाकारायची.

तिसरी चूकही त्याच वर्षी पिलोमध्येच दुरुस्त झाली, आणि ती सगळ्यांत फसवी आहे. ईपीएस (छपाईसाठीच्या चित्राचा एक प्रकार) फाइल वाचताना ओळीचा शेवट शोधण्याच्या रीतीत काम आकाराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत होतं. चादरींचा गठ्ठा रचताना दर नव्या चादरीनंतर पहिलीपासून मोजायला लागावं, तसं. १,००० चादरींना सुमारे ५ लाख वेळा मोजावं लागतं, १०,००० ला ५ कोटी वेळा. माल दहापट, काम शंभरपट. लहान फाइलींवर चाचणी घेतली तर हे कधीच दिसत नाही, कारण तिथं सगळं क्षणात होतं. म्हणून कुठल्याही कोडची परीक्षा घेताना आकार दुप्पट करून वेळ मोजावा. वेळ दुप्पट झाला तर ठीक, चौपट झाला तर आत असा गठ्ठा आहे.

चित्राच्या बाहेरची माहितीही विसरू नये. पीएनजीत मजकूर आणि रंगांची प्रोफाइल दाबून ठेवता येते. २०१० मध्ये लिबपीएनजीत (सीव्हीई-२०१०-०२०५) हाच भाग सापडला होता: चित्र इवलंसं, पण सोबतच्या मजकुरात एकच अक्षर प्रचंड वेळा. आणि एसव्हीजी हा चित्रप्रकार तर मुळात एक्सएमएलच, म्हणजे खुणांनी बांधलेला मजकूरच, आहे. त्यात ‘अ म्हणजे दहा ब, ब म्हणजे दहा क’ अशा व्याख्या एकात एक रचल्या की एक केबीहूनही लहान फाइलमधून १०० कोटी वेळा तोच शब्द उलगडतो, म्हणजे ३ अक्षरी शब्द धरला तर ३ जीबी. अनोळखी माणसाकडून येणारी एसव्हीजी सर्व्हरवर उघडूच नये, हे आमचं स्पष्ट मत आहे. दुकानाला लोगो हवा असेल तर पीएनजी मागावी.

काय करायचं

पहिलं काम, फाइल उलगडण्याआधी रुंदी-उंची वाचणं. पीएनजीत ती पहिल्या २४ बाइटांतच असते. पिलोमध्ये ‘ओपन’ फक्त सुरुवातीची माहिती वाचतं, पिक्सेल ‘लोड’ म्हटल्यावर उलगडतात. या दोहोंच्या मधली जागा तुमची. पीएचपीत ‘गेटइमेजसाइझ’ आणि गो भाषेत ‘डीकोडकॉन्फिग’ हेच काम करतात. रुंदी आणि उंची वेगवेगळी तपासून भागत नाही, गुणाकारही तपासावा.

मर्यादा किती ठेवावी? मोबाइलचा १२ मेगापिक्सेलचा फोटो ४,००० गुणिले ३,००० असतो, म्हणजे १.२ कोटी पिक्सेल. ५० मेगापिक्सेलचा ५ कोटी. म्हणून दुकानाच्या साइटला ६ कोटींची मर्यादा पुरे. ४ बाइटांनी ते २४० एमबी होतात, लहान करताना लागणारी जास्तीची जागा धरून ३५० ते ४०० एमबी. ४ जीबीच्या सर्व्हरवर डेटाबेस आणि बाकी सगळ्याला २ जीबी सोडले, तर एका वेळी चार फोटोंवर काम चालेल, पाचव्यानं रांगेत थांबायचं. हा हिशेब कागदावर मांडूनच मर्यादा लिहावी. प्रवेश अर्जातल्या पासपोर्ट फोटोला किंवा पंढरपूर-अक्कलकोटच्या निवासाच्या बुकिंगला लागणाऱ्या ओळखपत्राला याहून कितीतरी कमी चालेल.

लायब्ररीच्या तयार मर्यादांवर विसंबण्याआधी त्या नेमकं काय करतात ते पाहावं. पिलोची मर्यादा ८,९४,७८,४८५ पिक्सेल आहे, पण ती ओलांडल्यावर मिळतो फक्त इशारा. काम थांबतं त्याच्या दुप्पट, म्हणजे १७,८९,५६,९७० च्या पुढे गेल्यावर. पिलो रंगीत पिक्सेल ४ बाइटांत ठेवते, म्हणजे ७०० एमबीपर्यंतचं चित्र बिनविरोध उघडतं. १ जीबीच्या सर्व्हरला कोसळायला तेवढं पुरे. तेव्हा मर्यादा स्वतः कमी करावी आणि इशाऱ्याचं रूपांतर चुकीत करावं. नोडमधल्या शार्प या लायब्ररीची मूळ मर्यादा २६,८४,०२,६८९ पिक्सेल आहे, म्हणजे १६,३८३ चा वर्ग. लिबव्हिप्स चित्र पट्ट्यापट्ट्यांनी वाचते म्हणून तिला कमी मेमरी लागते हे खरं, पण प्रोग्रेसिव्ह जेपीईजी किंवा इंटरलेस्ड पीएनजी आली की ती सोय उरत नाही.

इमेजमॅजिकच्या पॉलिसी फाइलमध्ये लोक हमखास फसतात. तिथं ‘मेमरी’ किंवा ‘एरिया’ची मर्यादा ओलांडली तर चित्र नाकारलं जात नाही, ते डिस्कवर नेऊन काम सुरूच राहतं, आणि तेही फार संथ. मेमरी वाचली म्हणून समाधान मानावं तोवर डिस्क भरते. नकार हवा असेल तर ‘विड्थ’, ‘हाइट’ आणि ‘डिस्क’ या मर्यादा घालाव्यात, फ्रेमच्या संख्येसाठी ‘लिस्ट-लेंग्थ’ आणि वेळेसाठी ‘टाइम’.

नावाच्या शेवटी जेपीजी लिहिलंय म्हणून फाइल जेपीईजी ठरत नाही. लायब्ररी सहसा फाइलचे पहिले काही बाइट बघून प्रकार ओळखते, त्यामुळे जेपीजी नावाखाली ईपीएस किंवा एफएलआय आत शिरते आणि वर पाहिलेला जुना, विसरलेला कोड जागा होतो. पिलोच्या ‘ओपन’ला चालणाऱ्या प्रकारांची यादी देता येते. तीत जेपीईजी, पीएनजी आणि फार तर वेबपी ठेवावी, बाकीची दारं बंद.

सुरुवातीची माहिती खोटी असू शकते, हेही गृहीत धरावं. आयकॉनच्या आयसीओ, आयसीएनएस फाइलींत बाहेरचा आकार एक आणि आतल्या चित्राचा भलताच, असा प्रकार २०२१ मध्ये पिलोत दुरुस्त करावा लागला. म्हणून चित्राचं काम वेगळ्या प्रक्रियेत चालवावं आणि तिला बाहेरून लगाम घालावा. लिनक्सवर यूलिमिटनं प्रोसेसरचे सेकंद आणि मेमरी ठरवता येते, सिस्टिमडीत ‘मेमरीमॅक्स’ आहे, डॉकरमध्ये मेमरीची मर्यादा आहे. ६ कोटी पिक्सेलसाठी ५१२ एमबी आणि १० सेकंद यापासून सुरुवात करावी.

‘आम्ही कोडमध्येच टाइमआउट लावलाय’ असं सांगणाऱ्यांनी एक गोष्ट तपासावी. पायथनमध्ये थ्रेड (प्रोग्रॅममधला कामाचा एक प्रवाह) सी भाषेत लिहिलेल्या लायब्ररीच्या आत अडकला असेल तर त्याला बाहेरून मारता येत नाही. सिग्नल पाठवला तरी त्यावरचं पायथन फंक्शन चालतं ते सीमधून परत आल्यावरच, आणि अखंड फेऱ्यातून परत येणं होतच नाही. प्रक्रिया मात्र ऑपरेटिंग सिस्टिमला हवी तेव्हा मारता येते. वेगळी प्रक्रिया हवी ती याचसाठी.

अद्ययावत करतानाही एक खाच आहे. पिप या पायथनच्या साधनानं बसवलेली पिलो स्वतःसोबत लिबजेपीईजी, लिबपीएनजी, लिबवेबपीच्या प्रती घेऊन येते. सर्व्हरवर सिस्टिमचे सगळे अपडेट केले तरी पिलोच्या पोटातली प्रत जुनीच राहते. सप्टेंबर २०२३ मध्ये लिबवेबपीतली गंभीर चूक (सीव्हीई-२०२३-४८६३) बाहेर आली, तेव्हा ब्राउझरपासून पिलोपर्यंत प्रत्येकाला आपापली प्रत वेगळी बदलावी लागली. ती चूक सेवा बंद पाडण्याहूनही घातक होती, पण धडा इथंही लागू आहे.

हे सगळं लावल्यावर तपासून पाहावं, पण चालू दुकानाच्या सर्व्हरवर नाही. वेगळ्या यंत्रावर २०,००० गुणिले २०,००० ची एकरंगी पीएनजी इमेजमॅजिकनंच बनवता येते. सोबत एक शून्य बाइटची फाइल, एक मध्येच तोडलेली जेपीईजी, एक मध्येच तोडलेली जीआयएफ आणि पाचशे फ्रेमची एक जीआयएफ ठेवावी. प्रत्येकीसाठी लागलेला वेळ आणि मेमरीचा कमाल आकडा लिहून ठेवावा. लिनक्सच्या टाइम आज्ञेचा तपशीलवार अहवाल हे दोन्ही देतो. पाचही फाइली दोन-तीन सेकंदांत, नीट संदेश देऊन नाकारल्या गेल्या पाहिजेत.

शेवटची चाचणी रांगेची. फोटोची कामं रांगेत घालणाऱ्या बऱ्याच यंत्रणा काम अर्धवट राहिलं की ते दुसऱ्या कामगार-प्रक्रियेकडे पुन्हा सोपवतात. वाईट फाइल पहिल्या प्रक्रियेला मारते, मग दुसरीला, मग तिसरीला, आणि तुम्ही घातलेले सगळे लगाम नीट काम करत असूनही रांग पुढे सरकत नाही. म्हणून प्रयत्नांची संख्या दोनवर बांधावी, दोनदा फसलेली फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये टाकावी आणि ग्राहकाला ‘हा फोटो वाचता आला नाही, कृपया दुसरा पाठवा’ एवढा निरोप जाऊ द्यावा. त्या फोल्डरमध्ये आठवड्याला काय जमतं, ते कुणीतरी उघडून बघत राहावं.